ऑनफ्लरचा धक्का आणि आम्ही तिघं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. हिवाळी कोटाच्या खिशात जुनी तिकिटं साचतात तसे ते साचतात, आणि एक दिवस हात घातला की सगळे एकदम बाहेर येतात. सांगायला बसलं की लोक हसतात. तेव्हा मात्र आम्ही फारसे हसलो नव्हतो.

आम्ही म्हणजे भूल देणारे डॉ. दिघे, वॉर्ड सिस्टर कुसुमताई आणि लॅबमधली मी. ब्रिस्टलमध्ये दर शनिवारी मार्गारेट नावाच्या बाईंच्या चित्रकलेच्या क्लासला जायचो. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक प्रथा पाडली. दर मे महिन्यात अख्ख्या क्लासला कोचमध्ये, म्हणजे लांबच्या बसमध्ये घालायचं, फेरी बोटीने फ्रान्सला न्यायचं आणि ऑनफ्लर नावाच्या जुन्या बंदरावर चित्रं काढायला बसवायचं.

*

पहिल्याच वर्षी धक्क्यावर मार्गारेटनी सांगितलं, "चित्रकार इथे उजेडासाठी आले. दर दहा मिनिटांनी तो बदलतो."

कुसुमताई म्हणाल्या, "आमच्या रत्नागिरीला पण बदलतो. तिथे कुणी बघायला येत नाही, एवढंच."

क्लासमधल्या ब्रायनने अगदी मनापासून विचारलं, "रत्नागिरी? इज दॅट निअर इल्फर्ड?" इल्फर्ड म्हणजे लंडनचं उपनगर, आपली माणसं तिथे भरपूर.

"येस," कुसुमताई म्हणाल्या. "जस्ट आफ्टर इट."

*

त्या सहलीत कुसुमताईंनी काढलेलं चित्र फार सुरेख होतं. पाण्याकाठची उंच, अरुंद, पाटीच्या दगडाने मढवलेली घरं, खाली होड्या, पाण्यात थरथरणारी प्रतिबिंबं. ते लायब्ररीच्या हॉलमधल्या प्रदर्शनात लागलं. खाली चिठ्ठी होती: 'मासेमारी गाव, भारत'.

"हे फ्रान्स आहे," कुसुमताईंनी प्रदर्शनाच्या सेक्रेटरीला सांगितलं.

"ओह. रंग इतके ब्राइट होते, वी जस्ट अझ्यूम्ड."

कॅटलॉग छापून झाला होता, त्यामुळे चिठ्ठी तशीच राहिली. पुढच्या वर्षी कुसुमताईंनी तोच धक्का नुसत्या करड्या रंगात काढला. ते चित्र प्रदर्शनातून नापसंत होऊन परत आलं. सोबत दोन ओळी होत्या: टेक्निक छान आहे, पण यात तुम्ही कुठे दिसत नाही.

कुसुमताईंनी कागदाची नीट घडी घातली. "आणि दिसले की मला इंडियात नेऊन ठेवतात," म्हणाल्या.

*

ऑनफ्लरमध्ये एक लाकडी चर्च आहे. गाइड बाईंनी सांगितलं, इंग्रजांशी लढाई संपली तेव्हा सगळा दगड तटबंदीला लागला, म्हणून जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी लाकडाचंच चर्च उभं केलं. छत पाहिलं तर नाव उलटी करून ठेवल्यासारखं. "तात्पुरतं बांधलं होतं," बाई म्हणाल्या. "त्याला पाचशे वर्षं झाली."

त्याच महिन्यात दिघ्यांच्या हॉस्पिटलात नवा कन्सल्टंट, म्हणजे कायमच्या पोस्टवरचा वरिष्ठ डॉक्टर आला होता. त्याला भूल देताना घशात नळी कशी घालायची हे दिघ्यांनीच शिकवलं होतं. दिघे स्वतः वीस वर्षं टेम्पररी पोस्टवर होते. इंटरव्ह्यू किती झाले, ते त्यांनी मोजायचं सोडलं होतं.

मान वर करून ते बराच वेळ छत बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझी अजून चारशे ऐंशी बाकी आहेत."

*

मिठाच्या जुन्या कोठारांपाशी दुसरा गाइड होता. इथलं मीठ कॉड मासे खारवायला जायचं, मग जहाजं आफ्रिकेलाही जायला लागली, असं म्हणून तो घाईघाईने इथे येऊन गेलेल्या चित्रकारांच्या गोष्टींकडे वळला.

कुसुमताईंनी विचारलं, "आफ्रिकेला काय न्यायची?"

"कापड. छापील. इथे त्याला 'इंडियन'च म्हणत."

"आणि त्याच्या बदल्यात?"

त्याने घड्याळ पाहिलं. "माणसं."

ब्रायन म्हणाला, "वेल, दॅट्स द फ्रेंच फॉर यू."

दिघे म्हणाले, "ब्रायन, ब्रिस्टलची जहाजं काय मध घेऊन जायची?"

"अरे, आपण हॉलिडेवर आहोत," ब्रायन म्हणाला.

*

दिघ्यांनी भारतीय पासपोर्ट कित्येक वर्षं सोडला नव्हता. त्यांचे वडील बेचाळीस साली तुरुंगात गेले होते. त्या पासपोर्टमुळे दरवर्षी लंडनला जाऊन रांगेत उभं राहायचं, फ्रान्सचा व्हिसा काढायचा. आणि तरी बंदरावर उतरलं की अधिकारी त्यांना बाजूला घ्यायचा. सगळा कोच थांबायचा. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "यांच्यामुळे आपला सकाळचा उजेड जातो."

नव्वदनंतर कधीतरी दिघ्यांनी ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला. राणीच्या नावाने शपथ घेतली. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही.

त्या मे महिन्यात फेरीतून उतरलो. अधिकाऱ्याने दिघ्यांच्या नव्या ब्रिटिश पासपोर्टचं लाल कव्हर लांबूनच पाहिलं आणि पुढे जा म्हणून हात हलवला. दिघे हलले नाहीत.

"उघडून बघा," ते म्हणाले.

"नो नीड, सर."

"प्लीज. बघा."

त्याने उघडलं, फोटो पाहिला, परत दिलं. "काही प्रॉब्लेम आहे का, सर?"

"नाही," दिघे म्हणाले.

धक्क्यावरच्या दगडी फरशीत त्यांचं ईझल, चित्र ठेवायची तिपाई, डगमगत होतं. मी टेकूला काहीतरी शोधायला लागले. दिघ्यांनी पिशवीतून जुना भारतीय पासपोर्ट काढला, कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का मारलेला. तो मिटूनच ईझलच्या पायाखाली सरकवला. डगमगणं थांबलं. मग दिवसभर ते चित्र काढत राहिले.

निघायच्या वेळी त्यांनी ईझल मिटून खांद्याला लावलं. पासपोर्ट तिथेच दगडावर पडला होता. मी उचलायला वाकले.

"असू दे गं," दिघे म्हणाले. "पुढच्याला लागेल."