अल्विन रोस्टाडचं नम्र उत्तर

प्रतिवादी अल्विन रोस्टाड, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा झुलत्या खुर्च्या बनवणे, राहणार आयोवा राज्य, हा सदर न्यायालयाच्या हद्दीबाहेरील इसम असून अ‍ॅरिझोना राज्यात त्याची जमीन नाही, दुकान नाही, नोकर नाही, आप्त नाहीत.

वकील कॉनी ब्राटनने अर्जात असं लिहिलं होतं. ते ऐकून अल्विनची बायको व्हर्ना म्हणाली, "एवढं काहीच नसलेल्या माणसाशी मी लग्न केलं."

झालं होतं ते असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी रमोना लुसेरो नावाच्या बाई गावावरून चालल्या होत्या. अल्विनच्या ओसरीवरची खुर्ची त्यांना आवडली. त्यांनी ती विकत घेतली आणि मोटारीच्या टपाला बांधून अ‍ॅरिझोनात घरी नेली. तिथल्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं, पाय सांध्यातून सुटला आणि बाई पाठीवर पडल्या. त्यांनी तिथल्याच कोर्टात दावा लावला.

नोव्हेंबरात कागद आले. अल्विनच्या गावात शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही आणि पत्र आलं तर उत्तर राहू देत नाही. जेवण झाल्यावर त्याने टेबल पुसलं आणि लिहिलं, "खुर्ची माझीच आहे. तुमच्याकडची हवा मी लक्षात घ्यायला हवी होती. बाईंच्या पाठीला आता बरं आहे का?" कोर्टाला उगाच खर्च नको म्हणून स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही सोबत ठेवलं.

तीन आठवड्यांनी, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना, त्याने कॉनीला हे सहज सांगितलं.

"तिकडे कधी जाहिरात दिलीत?" तिने विचारलं.

"इकडेच देत नाही."

"काही पाठवलंत?"

"नाताळचं कार्ड. सगळ्याच गिऱ्हाइकांना पाठवतो."

"कार्डाने काही होत नाही. खुर्ची बाईंनी नेली, तुम्ही तिकडे विकायला गेला नव्हता. त्या कोर्टाचा तुमच्यावर काडीचा अधिकार नाही. कागदांचं काय केलंत?"

"उत्तर दिलं."

कॉनीने कप खाली ठेवला. "अल्विन, आधी एवढंच म्हणायचं असतं, की तुमचा माझ्यावर अधिकार नाही. ते सोडून खुर्चीबद्दल बोलायला लागलात, म्हणजे आपण होऊन त्यांच्या दारात जाऊन बसलात."

"ओळख ना पाळख, आणि पहिलंच वाक्य असं?"

"हो."

"शोभतं का ते?"

"नाही शोभत. म्हणून तर वकील ठेवतात."

तिने अर्ज केला. ते पत्र म्हणजे उत्तर नव्हे, निव्वळ विचारपूस आहे, असं त्यात मांडलं.

अल्विन वाट पाहत राहिला. ऑक्टोबरात व्हर्नाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला वाकता येत नव्हतं; रोज सकाळी तिचे मोजे तोच चढवायचा. अ‍ॅरिझोना मोटारीने अडीच दिवसांवर, आणि विमानात तो जन्मात बसला नव्हता. अर्ज फेटाळला गेला आणि तो गेला नाही, तर निकाल त्याच्या माघारी त्याच्याविरुद्ध लागणार होता.

"मी अनवाणी राहीन," व्हर्ना म्हणाली. "जानेवारीच्या बर्फात बरं असतं."

तो हसला नाही. खुर्चीचा पाय घासताना त्याच्या मनात एक गोष्ट घोळत राहायची, ती त्याने कॉनीला मात्र सांगितली नाही. खुर्ची त्याने इथे बनवली हे खरं. पण बाई पडल्या त्या तिथे. तिथल्या माणसांनी विचारलं, तर त्यात चूक काय? कायदा त्याच्या बाजूने होता, आणि त्याला ते थोडं अवघड वाटत होतं.

जानेवारीच्या शेवटी हुकूम आला. प्रतिवादीने हरकत न घेता दाव्यातील मजकुरास उत्तर दिले असल्याने त्याने स्वखुशीने या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आहे. सबब त्याने नऊ मार्च रोजी जातीने हजर राहावे.

हुकूम अल्विनच्याच पाकिटातून आला होता.