येवल्याच्या मागांची यादी उलटताना

ऐंशीच्या दशकात मी नाशिकच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होते. विभागात पहिला संगणक आला आणि त्याच्यासोबत फ्लॉपीवर खास संख्याशास्त्रासाठी बनवलेली एक भाषा. तिच्यात यादीच्या पोटात यादी ठेवता यायची, याचं मला फार अप्रूप. येवल्याच्या पैठणी विणकरांची पाहणी आम्ही नुकतीच केली होती. ती मी तशीच भरली: बाहेर घर, घरात माग, मागात पदराची नक्षी आणि ती विणायला लागलेले दिवस.

पण आम्ही येवल्याहून निघताना एका वयस्क विणकरांनी विचारलं होतं, "घरांचं राहू द्या, बाई. मोराच्या पदराला कुठं किती दिवस लागतात, तेवढं सांगा."

म्हणजे यादी उलटायची. आधी नक्षी, मग घर, मग माग. प्रोग्रॅम चार ओळींत झाला आणि मी छापलेला कागद ऐटीत बाहेर आणला. आमचे शिपाईकाका मूळचे येवल्याचे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"आठ दिवसांत मोराचा पदर? माझी बहीण जन्मभर मागावर बसली, बाई. आठ दिवसांत मोराचे पायसुद्धा होत नाहीत."

दोन दिवस मी डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, संगणक नक्षीचं नाव बघतच नव्हता. प्रत्येक मागाची पहिली नोंद तो मोरात टाकत होता. एका मागावर मोर विणलाच नव्हता. तिथल्या छोट्या कमळाचे आठ दिवस मोराच्या नावावर गेले होते. मी प्रोग्रॅम बदलला. नाव बघून ठेव, नसेल तिथे जागा मोकळी सोड. नवा कागद काकांनी सावकाश वाचला आणि म्हणाले, "आता न्या."

एसटीने येवल्याला गेले. त्या वयस्क विणकरांनी मोराच्या नावाखालची सगळी घरं एकाखाली एक वाचली आणि स्वतःच्या घराशी थांबले. त्यांच्या मागापेक्षा सुनेच्या मागावर मोर चार दिवस आधी उतरत होता. ते गालात हसले.

"बघ गं," त्यांनी तिला हाक मारली, "तुझा हात माझ्याहून चपळ म्हणतीस ना, मशीनसुद्धा तुझ्याच बाजूनं हाय."

सून मागावरून उठली. तिने कागद घेतला, नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "हा इथंच ठेवते. तुम्ही दुसरा छापून घ्या."