काडेपेटी आणि शनिवारची बोट

लॅबमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोकच बाटलीत भरून आणून देतात! मी परळच्या एका लहानशा लॅबमध्ये लागले, ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. मी नायगावच्या चाळीतली, घरातली पहिली मॅट्रिक. "हिच्या जिभेला हाड नाही," असं आई म्हणायची. आमच्या डॉक्टरीणबाई गिरगावच्या, बोलायला कमी, कामाला वाघ. त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

*

लघवी तपासायला लोक काय काय बाटल्या आणायचे! अत्तराची, खोबरेल तेलाची, एकदा तर लोणच्याची, तळाशी मोहरीसकट! रोग्याचे जंतू राहिले बाजूला, बाटलीतलेच आधी उगवायचे. शेवटी बाईंनी दारावर पाटी लावली, "बाटली उकळून आणावी."

लगेच हिंदमाता टॉकीजजवळ राहणारे एक मास्तर बाटली घेऊन आले. बिचाऱ्यांना लघवीला अशी जळजळ, की बाकावर बसवेना. पण दोन दिवस झाले तरी काचेच्या प्लेटवर एक जंतू उगवेल तर शपथ!

बाईंनी विचारलं, "मास्तर, बाटली उकळली होती ना?"

"उकळली ना! भरली आणि चांगली पाच मिनिटं उकळली. म्हटलं, उगीच एखादा जंतू राहायला नको!"

संध्याकाळी मी पाटी बदलली. "रिकामी बाटली उकळून आणावी."

*

त्या दिवसांत मोर्चे रोजचेच. एकदा लालबागच्या दवाखान्यातून सहा बाटल्या पिशवीत घालून मी निघाले, तर नाक्यावर एका हवालदारानं अडवलं.

"काय आहे गं पिशवीत? अ‍ॅसिड?"

"नाही हो, लघवी."

"मला शिकवतेस?" असं म्हणत त्यानं बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि चांगला छाती भरून श्वास घेतला!

मी म्हटलं, "पटलं? अजून पाच आहेत. होऊन जाऊ द्या."

पंधरा दिवसांनी तोच हवालदार साध्या कपड्यांत लॅबच्या दारात हजर, हातात बाटली. मी घ्यायला हात पुढे केला, तर कानाशी येऊन म्हणतो कसा, "बाई, वास नका घेऊ हां!"

*

आणि आमच्या पार्वतीमावशी! मूळच्या मालवणकडच्या, तीस वर्षं लालबागच्या चाळीत. एका शुक्रवारी सून कमलला घेऊन आल्या. बाटली पुढे केली आणि मी हात लावणार तोच मागे घेतली.

"तू कोणातली गो?"

"आम्ही आता बौद्ध."

मावशी बाटली पोटाशी धरून उभ्या. मला राग आला, चांगलाच आला. म्हटलं, "मावशी, बाटलीत जे आहे, त्याला आणखी कसला विटाळ व्हायचा राहिलाय?"

आतून बाईंचं हसू ऐकू आलं. बाटली मुकाट्यानं टेबलावर आली.

कमलला दोन महिने लघवीला जळजळ होत होती, अंगावर पांढरं जात होतं. मावशींनी निकाल लावून ठेवला होता. "ह्यो बाहेरचो रोग! कोणाकडसून तरी घेवन इली." पुढच्या शनिवारच्या मालवणच्या बोटीचं तिकीटही काढलं होतं. कमलनं माहेरी जायचं, ते कायमचं. नवरा गिरणीत कामाला, आईपुढे ब्र काढायचा नाही.

जाताना कमलनं माझा हात धरला. "ताई, मी काही केलं नाही हो." मला रात्रभर झोप लागली नाही.

*

सोमवारी रिपोर्ट तयार झाला. स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिस. नाव मोठं, लक्षण खोटं! बाईंनी मावशींना बसवून सांगितलं, "हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो. तिथे गुपचूप असतो. जागा सोडून भलतीकडे घुसला, की त्रास देतो. औषधानं बरं वाटेल. सुनेचं काही चुकलेलं नाही."

"आपल्याच म्हंजे कोणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"माज्या पोटात नाय! मी सोमवार धरतंय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मी कसली गप्प बसते! "मग आणा काडेपेटी. बघूच."

तेव्हा शौचाला झालेलं तपासायचं, तर लोक ते काडेपेटीतून आणायचे. मंगळवारी सकाळी मावशी हजर! काडेपेटी फडक्यात गुंडाळलेली, वर सात दोरे. ह्या खेपेला माझी जात नाही विचारली. सरळ माझ्या हातात दिली.

*

बाईंनी त्या काडेपेटीतून तोच जंतू निवडून वेगळ्या प्लेटवर वाढवला. शुक्रवारी सासूसुना आल्या. कमलचे डोळे रडून सुजले होते. ट्रंक भरून झाली होती म्हणे.

मी दोन्ही प्लेटा खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर थोडे लाल ठिपके, दुसरीवर नुसती दाटी.

मावशींनी लगेच दाटीच्या प्लेटकडे बोट दाखवलं. "ही बगा हिची! काय ती घाण!"

प्रत्येक प्लेटवर नावाची चिठ्ठी असते. मावशींना वाचता येत नव्हतं. मग मीच वाचली, चांगली मोठ्यानं.

"पार्वती."

बाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. मावशींनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण त्या बाकाशी गेल्या, कमलशेजारी बसल्या. तिच्या हातातली औषधाची पुडी घेतली आणि तिच्याच पदराला गाठ मारून बांधली.

"तिकीट वाया कित्याक घालूचा?" त्या म्हणाल्या. "उद्याच्या बोटीन मीच जातंय. तू घर सांबाळ."