खांबेट्यांनी पास केलेला चौथा ब्लॉक

लखनऊजवळच्या चिनहटच्या कुंभाराकडं सुरई घेताना नंदाताई खांबेटे टिचकी मारून बघत. त्या गुरुवारी त्यांनी दोन सुरया उचलल्या, दोन्हींना टिचकी मारली आणि दुसरी खाली ठेवली.

"भैया, इसमें बाल है."

"बहनजी, आपसे तो धंधा करना मुश्किल है," कुंभार हसून म्हणाला.

नंदाताईंचे यजमान माणिकराव शेजारी उभे होते. त्यांनी दुसरी सुरई उचलून उन्हात फिरवून पाहिली. तडा कुठंच दिसत नव्हता.

"कशावरून गं?"

"अहो, आवाज ऐका की." नंदाताईंनी पुन्हा दोन्हींना टिचकी मारली. आधी चांगली, मग तडकलेली.

माणिकरावांनी ऐकलं. पहिली ठप. दुसरी ठप.

"हां," ते म्हणाले. "कळतंय."

आणि स्वतः टिचकी मारून बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

कारण आवाज ऐकणं हाच त्यांचा धंदा होता. सांगलीहून डिप्लोमा करून ते रेल्वेत लागले आणि आलमबागच्या कारखान्यात चौतीस वर्षं राहिले. ओतलेलं लोखंड साखळीला टांगायचं, अर्ध्या शेराच्या हातोडीनं ठोकायचं आणि नाद ऐकायचा. धड लोखंड बोलतं. तडकलेलं लोखंड तोंडात घास असल्यासारखं बोलतं. साहेबलोक मोठमोठी यंत्रं लावत, आणि शेवटी म्हणत, खांबेटेंना बोलवा. फोरमन होऊन ते निवृत्त झाले. विकास नगरात दोन खोल्या घेतल्या. सहा महिने घरात बसून नंदाताईंच्या भांड्यांची मांडणी बदलत राहिले. मग चिनहटच्या औद्योगिक वसाहतीतले हेमचंद्र रस्तोगी स्वतः घरी आले.

रस्तोगींची फाउंड्री पाण्याच्या पंपांची ओतकामं करायची. पण त्यांच्या धाकट्या भावाला, विजयला, जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं वेड. त्याच्याकडं साठच्या दशकातली एक विलायती स्पोर्ट्स गाडी होती. सहा सिलिंडरची. तिचा इंजिन-ब्लॉक फुटला होता आणि बनवणाऱ्या कंपनीनं तो ब्लॉक करणं कधीच बंद केलं होतं. देशात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण त्या सगळ्यांचे मालक एकमेकांना ओळखत, आणि सगळ्यांना ब्लॉक हवा होता.

"खांबेटे साहब, हमीं बना लें तो?" रस्तोगी म्हणाले होते.

माणिकरावांनी फुटका ब्लॉक करवतीनं चिरला. पावाच्या लादीसारखे त्याचे काप केले. प्रत्येक भिंत मोजली. मूळ कारागिरांनी जिथं लोखंड वाचवलं होतं तिथं त्यांनी ते वाढवलं. म्हणजे इंजिनातून पहिल्यापेक्षा जास्त जोर काढता येईल. थंड होताना लोखंड आक्रसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा केला. पहिले अकरा ब्लॉक वाया गेले. कुठं आतला वाळूचा गाभा सरकला, कुठं भिंतीत फुगा राहिला. एक तडकला तो फाटकाशी ठेवला, बाकीचे पुन्हा भट्टीत. विजय म्हणायचा, "अंकल, आप इंजन बना रहे हैं या खिचड़ी?" दोन वर्षांनी बारावा धड निघाला. त्याला त्यांनी एक नंबर दिला.

एक नंबर कलकत्त्याला गेला. दोन मुंबईला, तीन बंगलोरला. चौथा विजयच्या गाडीत बसला होता. येत्या रविवारी उन्नावच्या पुढच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर विजय ती गाडी ताशी दोनशेवर नेणार होता.

आणि चौथ्याबद्दल माणिकरावांना एक गोष्ट ठाऊक होती.

तो जानेवारीत ओतला होता. कोहरा इतका की फाउंड्रीच्या दारातून भट्टी दिसेना. ब्लॉक रात्रभर साच्यातच निवायला हवा होता. पण साच्याच्या पेट्या कमी होत्या, दुसरं ओतकाम खोळंबलं होतं. इद्रीस मिस्त्रीनं विचारलं, "बाबूजी, तोड़ दें?" माणिकरावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तोड़ दो." गरम लोखंडाला एकदम तसली गार हवा लागली. त्या वेळी ते मनात म्हणाले, काही झालं असेल तर ठोकताना कळेलच.

ठोकलं तेव्हा नेहमीचाच आवाज आला. ते म्हणाले, "पास."

नेहमीचाच. ठप.

सुरई घेतली त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी स्टीलचे दोन पेले घेतले आणि चमच्यानं वाजवले. मग पितळी तांब्या. मग देवातली घंटा. घंटा लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी आली. नंदाताई भाजी निवडता निवडता थांबल्या.

"कधी लक्षात आलं?"

"काय?"

"अहो, मी दोन वर्षं कुकरच्या शिट्या एकटी मोजतेय. तुम्ही टीव्ही लावलात की वरची मिश्राइन मला जिन्यात बातम्या सांगते. मला वाटलं, तुम्हाला माहितीय."

"तुझं बोलणं तर ऐकू येतं."

नंदाताईंनी पदर तोंडावर धरला आणि काहीतरी बोलल्या. माणिकरावांना नुसती गुणगुण कळली.

"काय म्हणालीस?"

त्यांनी पदर खाली केला. "म्हटलं, तुम्ही ओठ बघून ऐकता."

शुक्रवारी ते फाउंड्रीत लवकर पोचले. फाटकाशी एक फुटका ब्लॉक ठेवलेला होता. त्याचा तडा लांबूनही दिसायचा. त्यांनी तो टांगायला लावला. शेजारी तयार असलेला पाच नंबर टांगला. हातोडी घेऊन आधी फुटका ठोकला, मग धड. मग डोळे मिटून पुन्हा.

"बाबूजी, मरे हुए को क्यों मार रहे हैं?" इद्रीस म्हणाला.

"दोनों में फ़र्क़ है?" माणिकरावांनी विचारलं.

इद्रीस हसला. त्याला वाटलं, बाबूजी परीक्षा घेताहेत. "हुज़ूर, बच्चा भी बता दे."

माणिकरावांनी हातोडी खाली ठेवली. त्यांना दोन्ही वेळा ठपच ऐकू आलं होतं.

मागच्या शेडमधे इंजिन चालू होतं. विजय बॉनेटवर वाकला होता. माणिकराव जवळ गेले. ब्लॉकमधे क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, चार आडव्या भिंतींवर बसतो. त्यातली एक जरी चिरली असेल, तर शेडमधे काहीच होणार नाही. दोनशेच्या वेगाला होईल. भिंत तुटेल, क्रँक सुटेल, ब्लॉकची कूस फोडून लोखंड बाहेर येईल, आणि तेल थेट मागच्या चाकांखाली. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली होती, पण त्या भिंतींत पाणी फिरत नाही. त्यांच्यासाठी फक्त हातोडी होती.

"विजयबाबू, रविवारचं... इतवार का आगे कर दें? मौसम गरम है."

"अंकल, लखनऊ में अप्रैल में गरम नहीं होगा तो क्या बर्फ़ गिरेगी?" विजयनं हात पुसले. "आप तो लड़की के बाप की तरह घबरा रहे हैं. और सुनिए, परसों आप मेरी बग़ल में बैठेंगे. पास आपने किया है. आप ही नहीं बैठेंगे तो कौन बैठेगा?"

"हां," माणिकराव म्हणाले. "बैठूँगा."

एवढंच बोलून ते निघाले. परतीच्या टेंपोत ते हिशेब करत राहिले. साचा गरम असतानाच फोडलेल्या दहांतले आठ धडच निघतात. नऊही निघत असतील. एक शब्द न बोलता हे निभावून जाईल. बोललो, तर या वयात कोण दारात उभं करील? टेंपो निशातगंजला वळला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण विजयच्या शेजारी बसायला एका दमात हो म्हणालो. सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. या विचाराची त्यांना जास्त भीती वाटली.

शनिवारी सकाळी नंदाताईंनी चहा पुढं ठेवला.

"सांगितलंत?"

"नाही."

"मी येते."

"तू कशाला? कारखाना आहे तो."

"तुम्ही ऐन वेळी म्हणाल, मौसम गरम है." त्यांनी चप्पल पायात सरकवली.

रस्तोगींच्या केबिनमधे दोघं भाऊ होते. माणिकराव बसले नाहीत. उभ्यानंच, शाळेतल्या पोरासारखं, सगळं एका वाक्यात सांगितलं. हातोडीचा नाद मला ऐकू येत नाही, आणि चौथ्या ब्लॉकचा साचा मी गरम असतानाच फोडायला लावला होता.

रस्तोगींना आधी ते कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"ढाई साल से यह कारख़ाना आपके कान पर चल रहा है, खांबेटे साहब! मैं लोगों को क्या कहता हूँ? कि हमारे यहाँ मशीन नहीं, खांबेटे साहब हैं!"

"जी."

"और आपने कल बताया नहीं? कल आप यहीं थे!"

माणिकराव त्यांच्या ओठांकडं बघत होते. प्रत्येक शब्द कळत होता.

"डर गया था," ते म्हणाले.

विजयनं टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या आणि शेडकडं गेला. थोड्या वेळानं तो स्वतः पाने घेऊन इंजिन उतरवताना दिसला. थट्टा नाही, काही नाही. माणिकरावांना तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी ब्लॉक उघडा झाला. तेल पुसून साखळीला टांगला. विजयनं पहिला ठोका मारला, इद्रीसनं दुसरा. माणिकराव ब्लॉककडं बघत नव्हते, माणसांच्या तोंडांकडं बघत होते. विजयनं खांदे उडवले. "मुझे तो ठीक लगा." इद्रीस म्हणाला, "ठीक है... बस तीसरे पे थोड़ा, पता नहीं." आजही बरोबर आलेल्या नंदाताईंकडं रस्तोगींनी पाहिलं. त्यांनी मान हलवली. "सुराही का बता सकती हूँ. लोहे का नहीं कह सकती."

म्हणजे ऐकू येणाऱ्यांनाही खात्री नव्हती.

"मिट्टी का तेल लाओ," माणिकराव म्हणाले. "और चॉक."

रेल्वेतली जुनी पद्धत होती ती. वेळखाऊ; ज्याला कानाचा भरवसा नाही त्यानं करावी अशी. माणिकरावांनी कित्येक वर्षांत केली नव्हती. त्यांनी चारही भिंतींना रॉकेल चोळलं. मुरायला वेळ दिला. फडक्यानं कोरडं पुसलं. मग खडूची पूड करून वर पांढरा थर दिला आणि मागं सरले. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडू भिजतो.

पाच मिनिटं काही नाही. पहिली भिंत पांढरी. दुसरी पांढरी. विजयनं सिगरेट काढली, तेवढ्यात त्याला रॉकेल आठवलं, त्यानं ती परत खिशात टाकली. माणिकरावांना वाटू लागलं, उगाच. उगाच स्वतःची अब्रू घालवली. आणि असं वाटताना त्यांना फार हलकं वाटलं.

मग तिसऱ्या भिंतीवर एक करडी रेघ उमटली.

आधी नखाएवढी. मग बोटाएवढी. बेअरिंगच्या खाचेपासून निघून सरळ खाली गेलेली. केसाइतकी बारीक. विजय वाकला. त्यानं रेघेवरून नख फिरवलं. नखाला काही लागत नव्हतं.

"अंकल," तो हळू म्हणाला, "हम दोनों बैठने वाले थे."

तो खाली ओल्या फरशीवर बसला. इद्रीसनं त्याला पाणी आणून दिलं.

रस्तोगींचा राग कुठं गेला होता कोण जाणे. ते त्या रेघेकडं बघत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "खांबेटे साहब, आपको कब से सुनाई नहीं देता?"

माणिकरावांनी तोंड उघडलं. ते आठवू लागले. एक नंबर टांगला तेव्हाचा नाद त्यांना स्पष्ट आठवत होता, स्वच्छ, लांब. पण तो खरंच ऐकला होता, की चौतीस वर्षांचं ऐकलेलं मनातून वाजलं होतं? दोन नंबरचा? तीनचा? ऐकू येणं एका दिवशी थांबत नाही. थांबल्याचा आवाज होत नाही.

"मालूम नहीं," ते म्हणाले.

सगळ्यांना एकदमच कळलं. रस्तोगी आत जाऊन गिऱ्हाइकांची वही घेऊन आले.

फाउंड्रीचा फोन दोन दिवस बंद होता. फैजाबाद रोडवरच्या पीसीओत सगळे गेले. काचेच्या केबिनमधे दोनच माणसं मावत. विजय म्हणाला, मी बोलतो. माणिकराव म्हणाले, "नहीं. बोलूँगा मैं. उधर का ये सुनेंगी." नंदाताईंनी रिसीव्हर कानाला लावला. बोलणं माणिकरावांचं, ऐकणं त्यांचं.

कलकत्ता लगेच लागलं. माणिकरावांनी रिसीव्हरपाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. नाव, नंबर, चूक. नंदाताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतात, पेटी अजून उघडलीसुद्धा नाही. शिव्या देताहेत."

"देऊ देत."

मुंबईचा मालक गाडी महिनाभर चालवत होता. तो आधी हसला, मग आजच इंजिन उघडतो म्हणाला. नंदाताईंनी त्याला रॉकेल आणि खडूचं दोनदा समजावलं, पुरणाची कृती सांगावी तसं.

बंगलोरचा नंबर फिरवला.

"काय?" माणिकरावांनी विचारलं.

"वाजतोय."

रस्तोगी काचेबाहेरून वहीतली तारीख बोटानं दाखवत होते. तीन नंबर फेब्रुवारीत पोचला होता. त्या मालकानं कळवलं होतं, एप्रिलमधे शर्यत आहे. कोणत्या रविवारी, ते लिहिलेलं नव्हतं.

"अजून?"

"वाजतोय. कुणी उचलत नाही."

"ठेवू नकोस," माणिकराव म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, रिसीव्हर तिच्या कानाशी राहावा म्हणून, आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले.