बाबांचा डबा

पहिले दोन सिनेमे विनोदी लिहिले, ते चालले, आणि तिथेच माझी वाट लागली. एकच लाईन पकड, नाव होतं, असं जो तो सांगायचा. बाबा मात्र वाकोल्याच्या आमच्या खोलीत बसून उलटंच सांगत. "एकाच खात्यात जन्म घालवलंय मी. गिरणी बंद पडली नि दुसरां काय येत नाय माका. तू तसां करू नको रे."

संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. तरी आई रोज सकाळी त्यांचा डबा भरायची. बारा वाजले की बाबा तो घेऊन बाहेर जिन्यात बसायचे, तिथेच जेवायचे आणि रिकामा डबा आईकडे द्यायचे. ताटात जेवायचं ते फक्त रविवारी. घरात कुणी त्यावर अवाक्षर काढत नसे. मी त्यावरच पटकथा लिहिली. एकही विनोद घातला नाही.

अंधेरीच्या एका निर्मात्याला ती ऐकवायला गेलो. ऐकवायची म्हणजे लेखकानेच सगळ्यांचे आवाज काढून वाचायची. आजवर मी असंच हसवून काम मिळवलेलं. माझा आवाजच त्या वळणावर गेला होता, हे मला तिथे बसल्यावर कळलं. म्हातारा डबा घेऊन जिन्यात बसला आणि निर्माता खो खो हसायला लागला.

"झकास रे. याला तोंडाने गिरणीचा भोंगा पण वाजवायला लाव ना."

हे विनोदी नाहीये, मी म्हणालो.

"तू लिहिलंस म्हणजे विनोदीच यार. नाहीतर राहू दे."

कागद उचलून निघायला हवं होतं. नाही निघालो. दुसरं काही लिहायला मला कोण बोलावणार होतं? भोंगा मीच घातला, या हाताने.

सिनेमा लागला तेव्हा बाबांना नको नको म्हणत होतो, पण ते आईला घेऊन आलेच. भोंगा वाजला आणि सगळं थिएटर हसलं. बाबाही हसले, जरा उशिरा, आजूबाजूला बघून. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरां लिवलंस. लोकांका आवडता, तर आता ह्यांच लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डबा काढला.

"ऱ्हवांदे," बाबा म्हणाले. "दुपारी ताटच वाढ."

बुधवार होता. बारा वाजता ते माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले. मला माफी मागायची होती, पण कसली मागतोय हे त्यांना सांगावं लागलं असतं. मी खाली मान घालून जेवलो.