आपांची एकादशी

विसाव्या वर्षी माझ्या कचेरीतल्या टेबलाच्या खणात एक कांदा असे. पेन्सिली, टाचण्या, खोडरबर आणि कांदा. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "आजी, भेळेसाठी का?" भेळेसाठी नव्हे. तो औषधी कांदा होता. म्हणजे तशी माझी समजूत होती, आणि त्या वयात माझ्या समजुतीवर अपील चालत नसे.

हैदराबाद राज्याचे तीन वाटे करायचं ठरलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि उरलेला तेलंगणा आंध्राला जोडायचा. बाहेर सभा, भाषणं, झेंडे चालले होते. आमच्या आबिड्सच्या कचेरीत मात्र वाटणी म्हणजे फायली. जमिनीच्या नोंदींचे बस्ते वरच्या माळ्यावरून धुरळा उडवत खाली यायचे. मुंबईला जाणारे लाल फडक्यात, म्हैसूरचे पिवळ्यात, राहणारे पांढऱ्यात. प्रत्येक गठ्ठ्याची यादी टाइप करायची. तशी माणसांचीही एक यादी होत होती. कोण जाणार, कोण राहणार, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना : शरीराने कामास लायक आहे किंवा नाही. त्या रकान्यात "नाही" पडलं की नवं सरकार त्या माणसाला घेणार नाही, असं सगळे धरून चालले होते.

मी तिथं टेंपररी होते. वडिलांचं अफझलगंजला धान्याचं दुकान. त्याआधीच्या सगळ्या पिढ्या परभणीकडे शेतात. अशा घरातली मी कचेरीत जाणारी पहिली मुलगी, त्यामुळे जमिनीपासून वीतभर वर चालायची. काचीगुड्याच्या टायपिंग क्लासातून सर्टिफिकेट मिळवलं होतं. मिनिटाला तीस शब्द मारायची. त्यातले अठरा बरोबर असायचे.

शेजारच्या टेबलावर आपा. सगळी कचेरी त्यांना आपाच, म्हणजे ताई, म्हणायची. पस्तिशीच्या, जाड चष्म्याच्या, बारीक चणीच्या. सकाळी बुरखा खुंटीला अडकवून बाह्या सारून बसल्या की त्यांचं मशीन फुटाण्याच्या भट्टीसारखं तडतडायला लागे, ते थेट दुपारच्या सुट्टीला थांबे. उर्दू मशीनही त्याच चालवत आणि इंग्रजीही. मला शिकवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. "बोटां देख नक्को, कागद देख," असं त्या दिवसातून वीसदा सांगत आणि मी एकविसाव्यांदा बोटांकडे बघत असे.

एका दुपारी आम्ही दोघी माळ्यावर बस्ते मोजत होतो. बाकी सगळे जेवायला गेलेले. आपा मध्येच गप्प झाल्या, भिंतीकडे एकटक बघायला लागल्या आणि धाडकन खाली पडल्या. हातपाय झटके देत होते, दात घट्ट आवळलेले. मी अशा वेळी काय करावं? आमच्या गावात करतात तेच केलं. पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या नाकाला लावली. लावली म्हणजे दाबलीच. देवाची दया, की त्या तशाही शुद्धीवर येणारच होत्या.

डोळे उघडल्यावर बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. आवाज अगदी बारीक. "ये चप्पल किसकी है?"

"माझी, आपा."

"कब धोई थी?"

मग उठून बसल्या, चष्मा शोधला, आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मिरगी है मा, बचपन से. इधर किसीकू मालूम नई. यादी जाने दे, तब तक किसीकू बोल नक्को. घर में अम्मी है, छोटी बहन पढ रई. कमानेवाली मैं एकीच."

मी विद्येची शपथ घेतली. आणि तिथून माझी मदत सुरू झाली.

माझी मदत म्हणजे काय विचारू नका. दुसऱ्या दिवशी तो कांदा आणला, कारण चपलेबद्दल तक्रार आली होती. आपा पाणी प्यायला उठल्या की मी मागे. मोरीत गेल्या की मी दाराबाहेर पहाऱ्यावर. त्या क्षणभर खिडकीबाहेर बघत बसल्या की मी खण उघडून कांद्यावर हात ठेवून तयार. "तू मदद कर रई की चौकीदारी?" त्या कुजबुजत. मला वाटे, बिचाऱ्या लाजतायत.

त्याहून पुढची पायरी अशी, की त्यांना दगदग नको म्हणून मी त्यांचं काम चोरून करू लागले. सकाळी लवकर यायची, त्यांच्या ट्रेमधली चारपाच पानं काढायची, माझ्या मशीनवर बडवायची आणि त्यांच्या गठ्ठ्यात घालून ठेवायची. आपांना कळलं तेव्हा त्या रागावल्या. मी म्हटलं, "तुम्ही फक्त आराम करा, आपा." परोपकाराची मला तेव्हा अशी झिंग चढली होती की समोरच्याला तो हवा आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आठ दिवसांनी हेडक्लार्क हातात कागद फडकवत आले. ते उदगीरचे. सगळे त्यांना नाना म्हणत. कडक माणूस. पगडी गेली, टोपी आली, तरी टोपीचा कोन कधी बदलला नाही म्हणतात.

"आपा," ते म्हणाले, "माझं गाव तुम्ही म्हैसूरला धाडलं काय?"

सगळी कचेरी हसली. नाना हसले नाहीत. "उदगीर म्हैसूरच्या यादीत. निलंगा आंध्रात. एकेका पानावर सातसात चुका. इतकी वर्षं तुमच्या कागदावर मी लाल पेन टेकवलं नाही. तब्येत बरी आहे ना तुमची? मला यादीत खरं ते लिहावं लागेल, बाई."

आपांनी खाली बघितलं. ती पानं कोणाची ते त्यांना माहीत होतं. पण माझी म्हणून सांगावं, तर मी ती का टाइप केली, हेही सांगावं लागणार. त्या गप्प राहिल्या. आणि मी? खणातल्या कांद्याइतकीच गप्प. टेंपररी नोकरी जाईल ही एक भीती, आणि माझ्यासारख्या हुशार मुलीने उदगीर हरवलं हे कबूल करायची दुसरी. दुसरी मोठी होती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्यानंतर दोनच दिवस गेले. आपांचं टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं. उजेड चांगला म्हणून तिथं ठेवलेलं. भर अकरा वाजता तडतड थांबली. मी मान वर करेपर्यंत आपा खुर्चीवरून कलंडल्या होत्या. डोकं जिन्याच्या पहिल्या पायरीपासून हातभर अंतरावर. चपराशी चाचांनी धावत येऊन त्यांना मागे ओढलं. नाना आले, सगळे आले. नाना म्हणाले, "काय झालं हिला?"

तेवढ्यात मी पुढे झाले. डाव्या हातात कांदा. आणि खणखणीत आवाजात म्हणाले :

"काही नाही, नाना! उपास आहे त्यांचा! आज एकादशी आहे ना!"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. कोपऱ्यातल्या तेलुगू कारकुनाने तोंडात रुमाल कोंबला.

नाना सावकाश म्हणाले, "एकादशी परवा झाली. मी केली होती." मग कांद्याकडे बघून, "आणि आपा केव्हापासून करायला लागल्या?"

कांदा अजून माझ्या हातातच होता.

आपा शुद्धीवर आल्या, तेव्हा त्यांना लपवायला काही उरलंच नव्हतं. चाचांनी पाणी दिलं. त्यांनी दुपट्टा सारखा केला आणि नानांना सरळ सांगितलं, "साहब, मिरगी है. बचपन से है. दवाखाने के डॉक्टर की गोलियाँ हैं, खाऊँ तो महीनों कुछ नई होता. पन गोलियाँ मंगलवार सुबह मिलतीं, लाइन लंबी रहती. छुट्टी माँगूँ तो पूछेंगे कायकू. इसलिए यादी की बात निकली तब से गई नई, दो महिने हो गए."

म्हणजे आजार लपवण्यासाठी औषध बंद, आणि औषध बंद म्हणून आजार असा चव्हाट्यावर. आणि मी कांदा घेऊन फिरत होते.

नानांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "फीट येऊन जाते, ते मी पाहिलं. पण कामात चुका व्हायला लागल्या, त्याचं काय? माणसांची यादी शनिवारी जायचीय."

आपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी कदाचित पुन्हा एखादी चतुर्थी काढली असती. त्यांनी बघितलं नाही, म्हणूनच ते मला सहन होईना.

"नाना, उदगीर मी पाठवलं म्हैसूरला," मी म्हणाले. "निलंगापण माझंच. ती सगळी पानं माझी आहेत. आपांची नाहीत."

"तू? कामून?"

"मदत करत होते."

नानांनी दोन गठ्ठे मागवले. आपांचं पान, माझं पान, शेजारी शेजारी ठेवून बघितलं. माझ्या मशीनचा 'e' जरा वर उडी मारायचा, त्यावरून पानं निवडणं सोपं गेलं. आपांच्या पानांत एकही चूक निघाली नाही. आदल्या दिवशीच्या नाही, फीट आल्याच्या दिवशीच्यासुद्धा नाही.

"बाई गं," नाना मला म्हणाले, "तू अशीच मदत करत राहिलीस, तर औरंगाबादसुद्धा आपल्याकडे राहायचं नाही." मला काढून टाकलं नाही. महिनाभर दुसऱ्यांच्या याद्या फक्त वाचून तपासायची शिक्षा दिली. बोटां नाही, कागद. शेवटी तिथंच माझं टायपिंग सुधारलं.

मग ते आपांकडे वळले, आणि मी आयुष्यभर लक्षात ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला. इतका साधा, की मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. "आपा, तुम्हाला काय लागेल ते सांगा."

आपांनी दुपट्ट्याने चष्मा पुसला. मग एकेक निघालं. टेबल जिन्यापासून लांब. मंगळवारी बारा वाजता येऊ द्यावं, संध्याकाळी तेवढंच जास्त बसेन. फीट आली तर कुशीवर वळवा, चष्मा काढा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका. संपल्यावर अर्धा तास पडू द्या. "और प्याज नक्को," त्या म्हणाल्या. "चप्पल तो बिल्कुल नक्को."

त्याच दुपारी चाचा आणि मी टेबल उचलून आतल्या भिंतीला लावलं. भिंतीशी एक सतरंजी गुंडाळून ठेवली. कांदा चाचांनी जेवताना बुक्कीने फोडून खाल्ला.

पण एक घोर उरलाच. नाना स्वतः मुंबईच्या वाट्याला गेले होते. ते गेल्यावर आंध्रातल्या कर्नूलहून नवे साहेब येणार. त्यांनी यादी उघडली आणि फीट ऐकून आपांना घरी बसवलं तर? म्हणून नानांनी रकान्यात "लायक" लिहिलं आणि खाली, कधी कुणासाठी लिहिली नव्हती अशी टीप जोडली. टेबल भिंतीशी, मंगळवारी बारा, अर्धा तास विश्रांती. कामात कसूर नाही. ती त्यांनी आपांनाच टाइप करायला दिली. स्वतःबद्दलचा कागद आपांनी एका दमात, न थांबता टाइप केला. मी ऐकत होते.

नवे साहेब आले तेव्हा नाना गेलेले होते. साहेब तरुण, घाईतले, उर्दू जेमतेम. टीप दोनदा वाचली. मग उठून आपांच्या टेबलाशी आले, भिंत बघितली, सतरंजी बघितली. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून सगळं बघत होते. त्यांनी खिशातून हाताने खरडलेलं एक पत्र काढून आपांपुढे ठेवलं. भट्टी तडतडली. कागद बाहेर आला. साहेबांनी वाचला, चूक शोधली, सापडली नाही.

"सरे," ते तेलुगूत म्हणाले. ठीक आहे, एवढंच. आणि सतरंजीकडे बोट दाखवून इंग्रजीत चाचांना सांगितलं, की ही फार पातळ आहे, जाड आणा.

आपा त्या कचेरीतून पुढे कितीतरी वर्षांनी, वयाप्रमाणे, हार घालून निवृत्त झाल्या. फिटा आल्या, दोनतीनदा. आम्ही चष्मा काढला, कुशीवर वळवलं, आपापल्या कामाला लागलो.

साहेब "सरे" म्हणाले त्यानंतरच्या आठवड्यात मी सकाळी कचेरीत आले, तर माझ्या टेबलावर कागदाची पुडी. उघडली, तर भाजलेले शेंगदाणे आणि खजूर. आपा मशीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "एकादशी मुबारक. कॅलेंडर में देखके लाई मैं."

खरंच एकादशी होती. मी विसरून घरून कांदेपोहे खाऊन आले होते.