चार नासके नारळ आणि एक स्वच्छ रिपोर्ट

माझ्या शेडला लागून प्लेटिंगचा कारखाना असलेल्या सुरेशशेठने (नाव बदललंय) आम्हाला फसवलं. आपल्या आटलेल्या बोअरमध्ये त्याने प्लेटिंगच्या टाक्यांतलं वापरलेलं पाणी सोडलं आणि ते जमिनीखालून माझ्या बोअरमध्ये आलं. माझी माणसं ते तीन महिने प्यायली. हे आधीच सांगून टाकतो, कारण या फोरमवरचे बरेच अनुभव शेवटपर्यंत काहीतरी लपवून ठेवतात. माझ्या गोष्टीत भूतबीत काही नाही, चार नारळ आहेत तेवढे.

मी देव मानत नाही. एकोणीस वर्षांचा असताना परभणीहून चिंचवडला आलो, आठ वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग केलं, आज चाकणजवळच्या एका गावात माझी स्वतःची शेड आहे. कंपन्यांना लागणारे लोखंडी रॅक बनवतो. यातलं काहीही देवाने दिलेलं नाही, मी भांडून घेतलंय. पत्र्याच्या भावापासून शेडच्या भाड्यापर्यंत सांगितल्या आकड्याला मी कधी हो म्हटलेलं नाही. माझ्या शेडमध्ये देवाचा फोटो कामगारांनी लावलाय, मी काढत नाही, हातही जोडत नाही. रविवारी पिंपरीत आमचा दहा-बारा जणांचा विवेकवादी गट भरतो, तिथे मी नियमित जातो. तेव्हा ‘ह्याचा मुळातच विश्वास असणार’ असं कुणी म्हणू नये.

शेडच्या मागे चार खोल्या आहेत. एकीत माझा वेल्डर दत्ता, त्याची बायको कांता आणि त्यांची सहा वर्षांची परी राहतात. बाकीच्यांत इतर कामगार. गेल्या उन्हाळ्यात टँकरवाल्याने नाचवायला सुरुवात केली, म्हणून मी बोअर घ्यायचं ठरवलं. दत्ता म्हणाला, “मालक, आधी नानाला बोलवा. हितल्या सगळ्या बोअर त्येनंच दाखवल्यात.”

मारुतीनाना म्हणजे गावातला पाणाड्या. सत्तरीचा माणूस, तळहातावर नारळ आडवा धरून जमिनीवरून चालतो आणि जिथे पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. मी म्हटलं, बोलवा. गंमत बघू.

नाना आले. पूर्वेकडच्या भिंतीपाशी नारळ उभा राहिला. मी त्यांच्या डोळ्यांवर दत्ताचा रुमाल बांधला, गोल फिरवून दुसऱ्या टोकाला सोडलं. परत तिथेच. तिसऱ्यांदा मात्र चार पावलं चुकले, तेव्हा मी टाळी वाजवली. माझं म्हणणं साधं होतं – जमिनीचा उतार पायाला कळतो, हात आपोआप हलतो, माणूस प्रामाणिक असला तरी हलतो. नाना चिडले नाहीत. म्हणाले, “आसंल बी. फोडा आता नारळ.”

बोअरच्या जागी नारळ फोडायची पद्धत आहे. दत्ताने दगडावर आपटला आणि सगळे दोन पावलं मागे सरले. आत काळं पाणी. खोबरं सुटून लगदा झालेला, आणि वास... मेलेली घूस पाण्याच्या टाकीत सापडते ना, तसा. घशात बसणारा.

“नासका निघाला म्हंजे चांगलंच असतंय मालक,” दत्ता नाकावर हात धरून म्हणाला. “देवाला पोचला.”

“न्हाई,” नाना म्हणाले. “पाणी हाय हितं. भरपूर हाय. पन ह्ये पाणी घेऊ नगा.”

“का? दुसऱ्या जागेचे वेगळे पैसे का?”

“मला काय बी देऊ नगा,” असं म्हणून ते गेले. दिलेली नोटही त्यांनी घेतली नाही. आयुष्यभर घासाघीस केलेल्या माणसाला हे फार खटकतं.

त्या रात्री मी गटातल्या सरांना फोन केला. सर निवृत्त प्राध्यापक, आमच्यातले सगळ्यात वाचलेले. ते हसले. “एक नासका नारळ म्हणजे काय पुरावा आहे का? करून बघ प्रयोग.”

म्हणून मी केला, आणि नीट केला. पिंपळे सौदागरच्या माझ्या नेहमीच्या दुकानातून पाच नारळ घेतले. प्रत्येक कानाशी हलवून पाणी वाजतंय याची खात्री केली, मार्करने आकडे घातले. कोणते तीन बोअरच्या जागी फोडायचे आणि कोणते दोन गेटपाशी, त्याच्या चिठ्ठ्या परीकडून उचलून घेतल्या, म्हणजे माझाही हात नको. सकाळचे दहा वाजले होते, सगळी शिफ्ट बघत उभी होती.

गेटपाशी दोन फोडले – पांढरंशुभ्र खोबरं, गोड पाणी. परीने खाल्लं. बोअरच्या जागी तीन फोडले. तिन्ही नासके. एक नाही, दोन नाही, तिन्ही. तोच काळा लगदा, तोच वास. माझ्या बोटांना लागला तो डिझेलने धुतला तरी दुपारपर्यंत जाईना. डबा उघडला तर भाकरीलाही तोच वास. न जेवता उठलो.

सरांना पुन्हा फोन केला. “पाच नारळांवरून काही ठरत नाही,” ते म्हणाले. “पन्नास घे.”

“तुम्ही या ना सर बघायला.”

“अरे, चाकणचं ट्रॅफिक...”

पन्नास नारळ मी घेतले नाहीत. खरं सांगतो, भीती वाटली. पन्नासच्या पन्नास फोडल्यावर काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. आणि तिकडे सगळी शेड माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्यासमोर नारळाला घाबरून जागा बदलली असती, तर परत कुणाला तोंड वर करून बोललो असतो? मी बोअरवाल्यांना सांगितलं, जिथे नासले तिथेच घ्या.

दोनशे फुटांच्या आत पाणी लागलं. गार, नितळ, चवीला चांगलं. पहिला ग्लास मी सगळ्यांसमोर प्यायलो.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. पाणी लॅबमध्ये तपासायला दिलं. लॅबवाला फोनवर म्हणाला, “सर, इंडस्ट्रियल एरिया आहे, मेटल्सचीपण टेस्ट करून घ्या. पॅकेज थोडं वरचं आहे.” मला वाटलं, हा गिऱ्हाईक बघून भाव चढवतोय. रोज दहा जण मला असंच काहीतरी वरचं विकायला बघतात. मी त्याला खाली, अगदी खाली आणलं. क्षार आणि जंतू, बास. तो बिचारा म्हणाला, “तुमची मर्जी.” सौदा जिंकल्याचा आनंद मला दिवसभर पुरला.

रिपोर्ट स्वच्छ आला. त्यात जे तपासलं होतं ते सगळं चांगलं होतं. मी त्याला लॅमिनेशन केलं आणि देवाच्या फोटोशेजारी टांगलं. म्हटलं, हे वाचा, नारळ वाचत बसू नका.

दीड-दोन महिन्यांनी परीच्या मनगटांवर आणि ओठांच्या कडेला चट्टे उठले. कांताच्या हातांनाही खाज. डॉक्टरने मलम दिलं. मग एक दिवस मी बघितलं, कांता गावातल्या नळावरून पाण्याचा हंडा घेऊन मागच्या दाराने येतेय. अर्धा किलोमीटर लांब आहे तो नळ.

“घरात बोअर असताना हे काय?”

तिने हंडा खाली ठेवला.

“त्या म्हाताऱ्याचं ऐकलंस ना? भिंतीवर रिपोर्ट लावलाय तो कशाला?”

“भाऊ, मला वाचता येत न्हाई,” कांता म्हणाली. “पन त्या पाण्याला त्या नारळाचा वास येलाय.”

मी तिथेच ग्लास भरून घेतला, हुंगला, प्यायलो. काही नाही. दत्तालाही हुंगायला लावला, त्यालाही काही आलं नाही. मग माझं डोकं सरकलं. सगळ्यांदेखत मी तिला तो हंडा ओतून द्यायला लावला. परी तिथेच उभी होती. कांताने हंडा आडवा केला आणि पाणी गटारात जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर महिनाभर ते तिघं माझ्या समोर बोअरचंच पाणी प्यायले. चांगलं पाणी मी ओतायला लावलं. हे कुठल्या देवाने केलं नाही, अंधश्रद्धेनेही केलं नाही. मी केलं, हातात छापील कागद घेऊन.

महिन्याने एका सकाळी शेड उघडली, नेहमीसारखा ग्लास भरला आणि तोंडापर्यंत नेला... तो वास. तोच. ग्लास दत्ताकडे दिला, त्याला काहीच येईना. “मालक, साधं पाणी हाय की.” मी कांताला हाक मारली. तिने ग्लास हातात घेतला, हुंगला नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ग्लास परत दिला. त्या दिवशी मी बाटली भरून स्वतः लॅबमध्ये नेली. म्हटलं, सगळं तपासा, भाव सांगू नका.

निकेल आणि क्रोमियम, प्लेटिंगला वापरतात तेच. दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर. लॅबच्या माणसाला मी विचारलं, याला वास येतो का? म्हणाला, “नाही. एवढ्या प्रमाणाला वास नाही, रंग नाही, फारशी चवही नाही. म्हणून तर म्हटलं होतं.” मग कांताला कसला आला? मला कसला आला? दत्ताला का नाही? आणि दोनशे फूट खाली असलेलं निकेल वर हातात धरलेल्या नारळाला, कवचाच्या आत, कसं नासवतं? त्याच दुकानातला, त्याच गोणीतला, गेटपाशी फोडलेला नारळ का नासत नाही? लॅबवाला माझ्याकडे असा बघत होता की मी पुढचं विचारलं नाही.

बोअर बंद केला. शेजारच्या कारखान्यातलं काम सोडून गेलेल्या एका माणसाने दत्ताला सांगितलं की सुरेशशेठच्या आवारात आटलेला बोअर आहे आणि टाकीतलं पाणी बदललं की पाइप त्यात सोडतात. मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तिथले साहेब पाहणीला आले तोपर्यंत बोअरच्या तोंडावर काँक्रीट पडलेलं होतं, वर तुळशीचं वृंदावन. खोटं सांगत नाही, वृंदावन. सुरेशशेठ फार भाविक माणूस आहे. गावच्या सप्ताहात एक दिवसाचं जेवण त्याचं असतं.

“साहेब, यांचं काय ऐकता,” तो हसत म्हणाला. “हे नारळ फोडून पाणी तपासतात. विचारा गावाला.” मग माझ्याकडे वळून, “भाऊ, तुम्ही तर देव मानत नव्हता ना? आता नारळावर केस घालता का?”

साहेब हसले. मी रिपोर्ट पुढे केला, तर म्हणाले, पाणी खराब आहे हे कळलं, कुणी केलं याचा पुरावा आणा. डॉक्टरकडे गेलो, तर ते म्हणाले, चट्टे पाण्यामुळेच आले असं मी लिहून देऊ शकत नाही. सर म्हणाले, तू गटात नारळाचा विषय काढू नकोस, लोक गैरफायदा घेतील. सर, प्रयोग करायला तुम्हीच सांगितलं होतं. उत्तर आवडलं नाही म्हणून प्रयोग झालाच नाही, असं कसं?

आणि नाना? मी त्यांच्या घरी गेलो, चांगल्या शब्दांत नाही. म्हटलं, तुम्हाला शेजारच्या बोअरचं आधीच माहीत होतं, म्हणून नाटक केलंत.

“मला ठावं आसतं तर नारळ कशाला दावला आसता?” ते म्हणाले. “सरळ सांगितलं नसतं व्हय, की पोरी-बाळींला पाजू नगा म्हनून?”

“मग नारळ नासले कसे?”

“मला काय म्हाईत. मी पाणी दावतो. नारळ नासलेला मी बी जिंदगीत पयल्यांदाच बघितला.”

पण आता त्यांच्या दारात रांग असते. माझ्या बंद बोअरच्या झाकणाला कुणीतरी शेंदूर फासून गेलंय, वर अगरबत्तीचा पुडा. विषाच्या तोंडावर अगरबत्ती. मी तो शेंदूर थिनरने पुसला, दोन दिवसांत परत आला. या लोकांपैकी एकानेही परीची चौकशी केलेली नाही. त्यांना चमत्कार पाहिजे होता, तो मिळाला.

मी अजूनही देव मानत नाही. चार नारळांचं काय झालं ते मला कळलेलं नाही आणि ‘योगायोग’ म्हणून ते गिळताही येत नाही. कुणाकडे धड उत्तर असेल तर खाली लिहा, ‘शास्त्र तिथे थांबतं’ वगैरे लिहू नका. शास्त्र थांबलं नव्हतं, मी ते अर्धंच विकत घेतलं होतं.

परीचे चट्टे फिके झालेत, गेलेले नाहीत. कांता आता माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि बरोबर करते. तिची माफी मी सगळ्या शिफ्टसमोर मागितली, जिथे हंडा ओतायला लावला तिथेच. माझ्या वाट्याचं मी इथे सही करून लिहिलंय. आता सुरेशशेठ, तुमच्या गावकीतले निम्मे लोक हा फोरम वाचतात, तुमच्यापर्यंत हे पोचणार. नारळाचं मी तुम्हाला विचारत नाही. वृंदावन बाजूला करा, काँक्रीट फोडा, आणि त्या पाइपमधून काय सोडलं ते परीच्या आईसमोर उभं राहून सांगा. आणि हसून परत गेलेले साहेब, तुम्हीही या. कधी येताय?